गाडीशिवाय बडोद्याहून चांपानेर-पावागढ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यात पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की चांपानेरचा विषय निघतोच. लक्ष्मीविलास पाहून झाला, सयाजीबाग झाली, आता तिसऱ्या दिवशी काय? मग पुढचा प्रश्न येतो : आमच्याकडे गाडी नाही, टॅक्सी महाग पडते, कसं जायचं? इथे राहणाऱ्या, पण गाडी न चालवणाऱ्या मंडळींचाही प्रश्न हाच असतो. खाली दिलेली उत्तरं त्या सगळ्यांसाठी आहेत. माझं मत आधीच सांगते. चांपानेर हे चालत बघायचं शहर आहे. गाडीनं जाणारे बहुतेक जण तडक माचीपर्यंत, म्हणजे डोंगराच्या मधल्या टप्प्यापर्यंत जातात, रोपवेत बसतात, दर्शन घेतात आणि परत फिरतात. खालचं शहर त्यांच्या खिडकीतून मागे पडतं. एस.टी.नं जाणाऱ्याला मात्र ते शहर पायाखाली मिळतं.

चांपानेर आणि पावागढ एकच की वेगळे?

डोंगर तो पावागढ, पायथ्याचं शहर ते चांपानेर. डोंगरावर कालिकामातेचं देऊळ आहे, म्हणून बसच्या पाटीवर, रिक्षावाल्याच्या तोंडी आणि घरातल्या गप्पांतही ‘पावागढ’च असतं. ‘चांपानेरची बस कुठली?’ असं विचारलंत तर समोरचा क्षणभर थांबेल. ‘पावागढची’ म्हटलं की लगेच बोट दाखवेल.

इतिहास थोडक्यात असा. डोंगरावर खीची चौहानांचं राज्य होतं. गुजरातचा सुलतान महमूद बेगडा यानं दीर्घ वेढा घालून 1484 मध्ये गड घेतला. जुनागढ आणि चांपानेर हे दोन गड जिंकले म्हणून तो ‘बेगडा’, असं सांगतात. त्यानं पायथ्याशी नवी राजधानी वसवली, मुहम्मदाबाद. मशिदी, तलाव, बागा, वाडे, तटबंदी असं सगळं उभं राहिलं. पुढे 1535 मध्ये हुमायूननं गड घेतला. त्याची माणसं कड्यात लोखंडी मेखा ठोकून रात्री वर चढली आणि तो स्वतःही त्यांच्यात होता, अशी नोंद आहे. राजधानी परत अहमदाबादला गेली, चांपानेर ओस पडलं आणि रानानं ते झाकून टाकलं. त्या जागेवर नवं मोठं शहर कधी बसलं नाही, म्हणूनच पंधराव्या-सोळाव्या शतकातली नगररचना आजही जमिनीवर वाचता येते. 2004 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेलं गुजरातमधलं हे पहिलं ठिकाण.

बडोद्याहून अंतर किती? वेळ किती लागतो?

साधारण पन्नास किलोमीटर. एस.टी.नं सव्वा ते दीड तास धरा. हालोलपर्यंतचा रस्ता रुंद आणि चांगला आहे, त्यामुळे वेळ खरा जातो तो बडोद्यातून बाहेर पडण्यातच.

बस कुठून सुटते?

रेल्वे स्टेशनजवळच्या मध्यवर्ती बस स्थानकातून. बाहेरगावाहून ट्रेननं येत असाल तर सयाजीगंजच्या बाजूनं बाहेर पडा, अलकापुरीच्या बाजूनं नाही. तिथून बस स्थानक चालत जाण्याइतकं जवळ आहे, रिक्षा करायची गरज नाही. स्थानकाच्या इमारतीतच मॉल आणि खाण्याची दुकानं आहेत. भपक्यानं बिचकू नका, एस.टी.चे फलाट तळाशीच आहेत.

शहराच्या पूर्वेला, हरणी, कारेलीबाग किंवा वाघोडिया रोडच्या बाजूला राहणाऱ्यांनी उलट स्टेशनपर्यंत जाऊ नये. हालोल-गोध्राकडे जाणाऱ्या बस गोल्डन चोकडी या चौकावरून जातात. तिथे उभं राहिलं की बस मिळते. बसायला जागा मिळेलच असं मात्र नाही. बरोबर वयस्कर माणूस असेल तर स्थानकावरूनच बसा.

गुजराती वाचता येत नाही. बसची पाटी कशी ओळखायची?

‘पावागढ’ ओळखणं सोपं आहे. गुजराती लिपीत डोक्यावरची रेघ नसते, आणि प, व, ग, ढ ही चारही अक्षरं रेघ काढलेल्या देवनागरीसारखीच दिसतात. एकदा डोळ्याला सवय झाली की लांबूनही पाटी लागते. तरीही कंडक्टरला विचारून चढा. मराठीत विचारलंत तरी चालेल, हिंदीत विचारलंत तरी चालेल. बडोद्यात गायकवाडांपासून मराठी कानावर आहे. उत्तर गुजरातीत आलं तरी हातवाऱ्यांसकट येतं आणि समजतं.

थेट बस नसेल तर?

हालोलची बस पकडा. बडोदा-हालोल बस भरपूर आहेत, शिवाय गोध्राकडच्या कित्येक बस हालोलवरूनच जातात. हालोलहून पावागढ अवघं सात किलोमीटरच्या आसपास आहे. तिथून शेअर रिक्षा, जीप, किंवा शिवराजपूर-बोडेलीकडे जाणारी एस.टी. मिळते. माझा सल्ला विचाराल तर थेट बसची वाट बघत अर्धा तास उभं राहण्यापेक्षा हालोलची समोर दिसेल ती बस घ्यावी. एकूण वेळ सारखाच लागतो आणि सकाळ वाया जात नाही.

खासगी शेअर गाड्या मिळतात. त्या घ्याव्यात का?

अमितनगर सर्कल आणि गोल्डन चोकडीवर इको आणि जीप भरत असतात. गाडी भरल्याशिवाय निघत नाही आणि भरली म्हणजे किती, हे ड्रायव्हर ठरवतो. एकटं-दुकटं असाल, घाई असेल, तर ठीक. मुलाबाळांसह असाल तर एस.टी.च बरी.

ट्रेननं जाता येतं का? ॲपमध्ये ‘चांपानेर रोड’ असं स्टेशन दिसतं.

त्या स्टेशनावर उतरू नका. चांपानेर रोड हे बडोदा-गोध्रा मार्गावरचं छोटं स्टेशन आहे आणि चांपानेरपासून बरंच लांब आहे. तिथून पूर्वी एक नॅरोगेज फाटा हालोल, शिवराजपूर करत पानी माइन्सपर्यंत जायचा. शिवराजपूरच्या बाजूला मँगनीजच्या खाणी होत्या, त्यांच्यासाठी तो रूळ होता. तो फाटा बंद होऊनही काळ लोटला. नाव तेवढं राहिलं आहे आणि त्या नावावर विसंबून लोक तिकीट काढतात. स्टेशनाबाहेर पावागढला नेणारं वाहन सहज मिळत नाही. चांपानेरला रस्त्यानंच जायचं.

आधी डोंगर करावा की आधी खालचं शहर?

आधी शहर, असं मी प्रत्येकाला सांगते. कारण अगदी साधं आहे. खालच्या शहरातल्या जामा मशिदीचं दर्शनी अंग पूर्वेकडे आहे. सकाळी आठ-नऊच्या सुमारास ऊन थेट त्या दोन मिनारांवर आणि मधल्या कमानीवर येतं, आणि दगडावरची प्रत्येक वेल उठून दिसते. दुपारी तेच अंग सावलीत जातं आणि सपाट वाटतं. डोंगरावरचं देऊळ दिवसभर उघडं असतं, पण हा उजेड सकाळपुरताच.

दुसरं कारण पायांचं. डोंगर चढून-उतरून आलेल्या माणसाच्या पायात मग दोन-तीन किलोमीटर फिरण्याची ताकद उरत नाही. ‘खालचं पुढच्या वेळी बघू’ म्हणत लोक बसमध्ये बसतात.

अपवाद दोन. मे महिन्यात गेलात तर पहाटेची बस घ्या, आधी दर्शन करून या आणि शहर संध्याकाळी उतरत्या उन्हात बघा. आणि रविवारी जात असाल तर रोपवेची रांग वाढण्याआधी वर जाणं शहाणपणाचं. म्हणून जमेल तर आठवड्यातल्या मधल्या वारी जा.

खालच्या शहरात नेमकं काय बघायचं? आणि सगळं चालत होतं का?

मुख्य गोष्टी चालत होतात. स्थानकावर उतरलात की तटबंदी समोरच दिसते. तिच्या आत राजवाड्याचा परिसर होता, आणि तिथेच शहर की मशीद आहे. आधी ती बघा. आकारानं बेताची, पाच कमानींची आणि पाच मोठ्या घुमटांची. मधल्या कमानीच्या दोन बाजूंना मिनार. जामा मशीद बघण्याआधी ही बघितली की डोळा तयार होतो.

तिथून पूर्वेच्या दरवाजातून बाहेर पडून जामा मशिदीकडे जायचं. रमत गेलात तरी पंधरा-वीस मिनिटांत पोचाल. दोन मिनार प्रत्येकी सुमारे तीस मीटर उंच. आत एकशे बहात्तर खांब. मधला घुमट मजल्यांवर उचललेला आहे आणि त्याच्या भोवती वरच्या सज्ज्यांतून उजेड खाली झिरपतो. मान वर करून उभं राहावं अशी जागा. पण मी पाहुण्यांना पहिल्यांदा वर बघायला सांगतच नाही. मिनारांच्या तळाशी जाऊन बसायला सांगते. तिथल्या कोनाड्यांत कमळं आहेत, वेली आहेत, वर्तुळात कोरलेली जाळीदार नक्षी आहे. गुजरातच्या देवळांतली तीच कलाकुसर, पण एकही मूर्ती नाही. ज्या हातांनी सोळंकी काळातली देवळं घडवली, त्यांच्याच परंपरेतल्या कारागिरांनी हे काम केलं, हे कुणी सांगावं लागत नाही. पूर्वेच्या प्रवेशमंडपाच्या दगडी जाळ्या जरूर बघा. एकेका जाळीचा नमुना वेगळा आहे.

मशिदीच्या उत्तर बाजूला वजू करण्याचं, म्हणजे नमाजाआधी हात-पाय धुण्याचं, अष्टकोनी कुंड आहे. बहुतेक जण तिथवर जात नाहीत.

पुढे उत्तरेकडे पायवाट निघते ती केवडा मशीद आणि नगीना मशिदीकडे. इथे खरं चांपानेर सुरू होतं, कारण वाट झुडपांतून जाते आणि अचानक समोर एक सोडून दिलेली इमारत उभी राहते. केवडा मशिदीपुढे नक्षीदार छत्री आहे, तिच्या घुमटाला उभ्या पाकळ्या पाडलेल्या आहेत. नगीना मशिदीसमोरच्या छत्रीचे खांब आणि तुळया तर इतक्या बारीक कोरल्या आहेत की हात लावायचा मोह होतो. लावू नका. लीला गुंबज की मशीद वेगळ्या दिशेला आहे, तिथे जायला रिक्षा सांगा. तिच्या मधल्या घुमटालाही अशाच पाकळ्या आहेत.

राहिली वळणाची वाव, म्हणजे पायऱ्यांची विहीर. ती शहराबाहेर हालोलच्या बाजूला रस्त्याकाठी आहे. गुजरातमधल्या वावांना सहसा सरळ उतरणारे जिने असतात. इथे मात्र अरुंद पायऱ्या गोल विहिरीच्या आतल्या भिंतीला चिकटून वळत वळत पाण्यापर्यंत जातात. पायऱ्यांना कठडा नाही, लहान मुलांचा हात सोडू नका. बसमधून इथे उतरण्याच्या फंदात न पडता जाताना किंवा येताना हालोलची रिक्षा पाच मिनिटं थांबवायची, ती आनंदानं थांबते.

मोठ्या मशिदींसाठी पुरातत्त्व खात्याचं तिकीट असतं. ते सांभाळून ठेवा, पुढच्या इमारतीपाशीही दाखवावं लागतं. सकाळी आठच्या सुमारास आत जाता येतं, संध्याकाळी सहाच्या आत बाहेर पडावं. एवढं सगळं नीट बघायला तीन तास लागतात. त्याहून कमी वेळ देणार असाल तर नगीनापर्यंत जाऊ नका, शहर की मशीद आणि जामा मशीद या दोनच शांतपणे बघा.

चांपानेरच्या खाली दडलेलं शहर उजेडात आणण्यात बडोद्याचा मोठा वाटा आहे, हे पाहुण्यांना सांगायला मला आवडतं. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागानं र. ना. मेहता यांच्या देखरेखीखाली 1970 च्या आसपास कित्येक हंगाम इथे उत्खनन केलं. रस्ते, घरं, पाण्याच्या पाटांची बाग असलेला एका अमीराचा वाडा, असं बरंच काही त्यातून बाहेर आलं. पुढे युनेस्कोच्या यादीसाठी धडपड झाली, तीही बडोद्यातल्या वारसाप्रेमी मंडळींनीच केली.

डोंगरावर कसं जायचं?

पायथ्यापासून माचीपर्यंत घाटरस्ता आहे. एस.टी. आणि जीप दोन्ही जातात. बसमध्ये डोंगराच्या बाजूची खिडकी पकडा. वळणावर ‘सात कमान’ दिसते. नावात सात असली तरी आता सहाच कमानी उभ्या आहेत. एकमेकींना टेकलेल्या दगडांवर त्या नुसत्या तोललेल्या वाटतात.

माचीहून वर दोन मार्ग : पायऱ्या किंवा रोपवे. रोपवेला इथे सगळे ‘उडन खटोला’ म्हणतात. तो 1986 पासून चालू आहे. पाळणा वर सोडतो ती जागा दुधिया तलावाच्या जवळ आहे. तिथून देवळापर्यंत पायऱ्या चढाव्याच लागतात. ‘रोपवे आहे म्हणजे चढायला नको’ असं समजून आलेल्यांची इथे तारांबळ उडते.

देवळाचा जीर्णोद्धार होऊन 18 जून 2022 रोजी नव्या शिखरावर ध्वज चढला. आवार आता ऐसपैस झालं आहे. गाभाऱ्यात मधोमध कालिकामातेचा लाल मुखवटा आहे, बाजूला महाकाली आणि बहुचरामाता.

दर्शन झालं की लगेच खाली पळू नका. याच पठारावर छासिया तलावाच्या काठी लकुलीशाचं मंदिर आहे, डोंगरावरचं सर्वांत जुनं, दहाव्या-अकराव्या शतकातलं. शिखर पडलं आहे, पण बाहेरच्या भिंतींवरची शिल्पं अजून टिकून आहेत. पाशुपत या शैव पंथाचा हा लकुलीश, त्याचं जन्मस्थान मानलं जाणारं कायावरोहण बडोद्याजवळच आहे. देवीच्या रांगेत हजारो असतात आणि या देवळाशी दोन-चार माणसं. मला ही गोष्ट दर वेळी टोचते.

आईला गुडघेदुखी आहे. जमेल का?

खालचं शहर नक्की जमेल. शहर की मशीद आणि जामा मशीद दोन्हीकडे रिक्षा दारापर्यंत जाते आणि पायऱ्या मोजक्याच आहेत. डोंगरासाठी माचीपर्यंत बस, पुढे रोपवे, मग पायऱ्यांसाठी डोली मिळते. डोलीचा भाव आधी ठरवा, वर गेल्यावर नाही. रोपवे वर्षातून काही दिवस देखभालीसाठी बंद असतो आणि जोराचा वारा सुटला तरी थांबवतात. म्हणून आईंना घेऊन जाणार असाल तर निघण्यापूर्वी तो चालू आहे ना, ही चौकशी करा. वर गेल्यावर वारा वाढला तर खोळंबा होतो, त्यामुळे पावसाळी दुपार टाळलेली बरी.

नवरात्रात जावं का?

दर्शनासाठी जायचं असेल तर जा, शहर बघण्यासाठी नको. चैत्र आणि आश्विन, दोन्ही नवरात्रांत इथे लोटणारी गर्दी अफाट असते. पण एक गोष्ट लक्षात घ्या : त्या दिवसांत खासगी गाड्यांना माचीवर जाऊ देत नाहीत. सगळ्यांनी गाड्या पायथ्याशी लावायच्या आणि एस.टी.च्या जादा बसनंच वर जायचं. म्हणजे गाडीवाला आणि तुम्ही एकाच रांगेत. शिवाय त्याला पायथ्याशी गाडी लावायला जागा शोधावी लागते, तुम्हाला तेही नाही.

प्रसादाचं एक : 2023 मध्ये देवस्थाननं सोललेला नारळ वर आणायला बंदी केली. नेणार असाल तर अख्खा न्या.

बडोद्याहून पायी जाणारे दिसतात. ते कोण? आम्हीही जाऊ शकतो का?

नवरात्राच्या आगेमागे हालोल रस्त्यावर पदयात्री दिसतात. हातात लाल ध्वज, मागे एखादी सामानाची गाडी. वाटेत मंडळांचे मांडव असतात, चहा-नाश्ता, पायाला तेल लावून देण्यापर्यंत सगळं प्रेमानं होतं. त्यात कितीतरी मराठी घरांतली माणसं असतात. जायचं असेल तर अशा संघाबरोबर जा. इतर दिवशी एकट्यानं या महामार्गावरून चालू नका, ट्रकांची वर्दळ मोठी आहे.

मराठ्यांचा चांपानेरशी काही संबंध आहे का?

आहे, आणि पाहुण्यांना याची कल्पना नसते. 1720 च्या दशकाच्या अखेरीस मराठा सरदार कंठाजी कदम बांडे यांचा मानलेला मुलगा कृष्णाजी यानं अचानक छापा घालून चांपानेर घेतलं. पुढे पावागढ शिंद्यांकडे गेला आणि दीर्घकाळ त्यांच्याकडेच राहिला. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात, सप्टेंबर 1803 मध्ये इंग्रजांनी तो जिंकला, पण त्याच वर्षाच्या अखेरीस झालेल्या सुर्जी-अंजनगावच्या तहानं तो शिंद्यांना परत मिळाला. पंचमहाल प्रदेश इंग्रजांच्या ताब्यात कायमचा गेला तो 1861 मध्ये. म्हणजे बडोद्यापासून पन्नास किलोमीटरवर असूनही पावागढ गायकवाडांचा नव्हता, ग्वाल्हेरकरांचा होता. बडोद्याच्या माणसालाही ही गोष्ट नवी वाटते.

पावसाळ्यात कसं असतं?

सुंदर. डोंगर हिरवा, माथ्यावर ढग, तलाव भरलेले आणि घुमटांवरही गवत उगवलेलं. बडोद्यातून वाहणारी विश्वामित्री याच डोंगरांत उगम पावते. शहरात पुराची आणि मगरींची म्हणून जिची धास्ती वाटते, ती नदी इथे ओहोळ असते. पायवाटा मात्र निसरड्या होतात, बूट घालून जा. खुणिया महादेवाच्या धबधब्याकडे हौसेनं जाऊ नका. पाणी अचानक वाढतं आणि दरवर्षी कुणी ना कुणी अडकतं.

जेवण, पाणी, सामान?

पायथ्याशी आणि माचीवर गाठिया, फाफडा, पोहे, चहा, छास आणि गुजराती थाळी मिळते. मशिदींच्या परिसरात काही मिळत नाही, पाण्याची बाटली बरोबर ठेवा. खाण्याची पिशवी हातात धरून माचीवर फिरू नका, माकडं ओढून नेतात. मोठं सामान असेल तर बडोदा स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवा. बॅगेला कुलूप असेल तरच घेतात. बसमध्ये आता मोबाइलनं पैसे देता येतात, पण रिक्षा आणि डोलीसाठी सुटे पैसे हवेतच.

एकट्या बाईनं जाणं ठीक आहे का?

बस, पायथा, शहर की मशीद, जामा मशीद, माची, देऊळ, सगळीकडे दिवसा बिनधास्त जा. नगीना आणि केवड्याची पायवाट मधल्या वारी सुनसान असते. तिथे मी एकटीनं जाणं टाळते. मशिदीच्या दारावरच्या पहारेकऱ्याला विचारा, दुसरं कुणी तिकडे निघालं असेल तर तो सांगतो. दोन-चार जणांच्या मागून जा, आणि दुपारी चारच्या आत परत या.

परतीची शेवटची बस कितीला?

वेळा बदलत असतात, म्हणून उतरल्या उतरल्या स्थानकावरच विचारून ठेवा. संध्याकाळी पाच-साडेपाचनंतर खाली थांबू नये, असं मी सांगेन. थेट बस चुकली तर घाबरू नका. शेअर रिक्षानं हालोल गाठा, तिथून बडोद्याकडे रात्री उशिरापर्यंत काही ना काही मिळतं.

मुक्काम करावा का?

एका दिवसात आटोपतं. पण पहाटेचं शहर बघायचं असेल तर एक रात्र जरूर राहा. पायथ्याशी, माचीवर आणि हालोलला राहायची सोय आहे. हालोल औद्योगिक गाव असल्यानं तिथे हॉटेलं बरी मिळतात.

आम्हाला ट्रेननंच जायचं आहे. चांपानेरऐवजी दुसरं कुठलं जुनं गाव आहे का?

डभोई. बडोद्याहून तीसेक किलोमीटर. शहरातल्या प्रतापनगर स्टेशनहून गाडी धरायची, डभोईला उतरून रिक्षानं हीरा भागोळ गाठायची. गावाला चार दिशांना चार जुने दरवाजे आहेत, पूर्वेची हीरा भागोळ सर्वांत देखणी. तिच्यावरची शिल्पं बघायला तास पुरत नाही. उत्तरेच्या दरवाजाला चांपानेरी भागोळ म्हणतात.

ट्रेननं जाण्याची खरी गंमत इथे आहे. खंडेराव गायकवाडांच्या काळात, 1862 मध्ये, डभोई ते मियागाम हा भारतातला पहिला नॅरोगेज मार्ग सुरू झाला, आणि सुरुवातीला त्यावर डबे ओढायला बैल होते. डभोई पुढे नॅरोगेजचं मोठं जंक्शन झालं. आता तिथून ब्रॉडगेज जाते आणि जानेवारी 2021 पासून ती केवडियापर्यंत पोचली आहे.

जाताना वाटेत ढाढर नदीकाठी भिलापूर लागतं. 1 एप्रिल 1731 रोजी याच भागात थोरले बाजीराव आणि सेनापती त्र्यंबकराव दाभाडे यांच्यात लढाई झाली. त्र्यंबकराव मारले गेले. पिलाजी गायकवाड दाभाड्यांच्या बाजूनं लढले होते. गुजरातेत मराठ्यांची सत्ता कुणाच्या हाती राहणार, ते ठरवण्यात त्या एका दिवसाचा वाटा फार मोठा होता. तरी डभोईला जाताना तिकडे बोट दाखवणारं डब्यात सहसा कुणी नसतं. बरोबर मुलं असतील तर तुम्ही दाखवा.

डभोई अर्ध्या दिवसात होतं. मात्र ते आणि चांपानेर एकाच दिवशी उरकायला जाऊ नका, दिशा वेगळ्या आहेत आणि दोन्हींमध्ये सोयीची थेट बस धरता येईलच असं नाही. दोन दिवस हाताशी असतील तर मधल्या वारी चांपानेर ठेवा आणि रविवारी डभोई, तिथे रविवारीही गर्दी नसते.